बोर्ड आहे, रॅम आहे, मग प्रोसेसर जुनाच घ्यावा का?

सरळ मुद्द्यावर येतो. माझ्याकडे २०१९ मध्ये जुळवलेलं मशीन आहे. एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चा बोर्ड, डीडीआर४ ची ३२०० वाली १६ जीबी रॅम म्हणजे आठ-आठच्या दोन पट्ट्या, आणि मधे एकदा ग्राफिक्स कार्ड बदललं तेव्हा घातलेलं आरएक्स ६६००. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा. ऑफिसचं काम ऑफिसच्या लॅपटॉपवर होतं त्यामुळे घरातला हा डबा फक्त गेमिंगसाठी, आणि हल्लीचे गेम टाकले की बिचारा धापा टाकतो. मग याच बोर्डावर बसणारा, २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर २०२६ मध्ये विकत घ्यायचा, की सगळं उपटून नव्या प्लॅटफॉर्मवर जायचं, हा विषय घरात इतका चघळून झालाय की बायको आता "प्रो" म्हटलं की उठून जाते.

भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं असं त्याचं स्वतःचं मत आहे. त्याचं म्हणणं, "मामा, एएम४ मेलंय. मेलेल्या सॉकेटवर पैसे घालू नकोस, सरळ एएम५ घे, पुढे अपग्रेड तरी होईल." ऐकायला एकदम बरोबर. (एएम४ म्हणजे माझ्या बोर्डावरचं सॉकेट, प्रोसेसर बसायची जागा, आणि एएम५ त्याच्या नंतरचं.) एएम५ आलं सप्टेंबर २०२२ मध्ये आणि एएमडीने २०२७ च्या पुढेपर्यंत ते चालवू असं सांगितलंय. एएम४ वर पहिले रायझन बसले ते मार्च २०१७ मध्ये, म्हणजे सॉकेटचं वय बघितलं तर आजोबाच. पण मेलंय म्हणजे काय? नवीन काही भारी येणार नाही एवढंच ना, जे आहे ते काही बंद पडत नाही.

आणि भाचा ज्याचा हिशोबच करत नाही ती गोष्ट म्हणजे रॅम. एएम५ ला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते, जुन्या पट्ट्या त्यात बसतच नाहीत, म्हणजे प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला आणि बोर्ड बदलायचा तर रॅमही बदला. दीड वर्षापूर्वी हे चालून गेलं असतं हो, तेव्हा डीडीआर५ बऱ्यापैकी स्वस्त झाली होती. पण २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव असे काही चढले की विचारू नका. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी पाहिजे, कारखाने तिकडे वळले, आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा साध्या गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच गुंडाळतोय असं जाहीर केलं. डीडीआर४ पण महागली बरं का, पण माझ्याकडे ती आधीच मशीनमध्ये बसलेली आहे ना, मला काय त्याचं. आज दुकानात ३२ जीबी डीडीआर५ च्या किटचा भाव विचारला तर त्या एका आकड्यात माझा जुन्या पिढीतला प्रोसेसर येऊन वर बरेच पैसे उरतात. नुसत्या रॅमच्या पैशात, बोर्ड आणि प्रोसेसर अजून बाजूलाच.

तरी "स्वस्त आहे म्हणून घे" असं करायचं नव्हतं, कारण प्रोसेसर बदलून काही फरकच पडला नाही तर दहा हजार पण महागच. म्हणून आधी मोजलं. हे खरं तर प्रत्येकाने करायला पाहिजे आणि कोणीच करत नाही, सगळे थेट "कोणता घेऊ" वर येतात.

मोजायचं कसं तर एमएसआय आफ्टरबर्नर टाकायचं, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, त्याने गेम चालू असतानाच कोपऱ्यात आकडे दिसतात. मी लावलेले आकडे म्हणजे कार्ड किती टक्के वापरात आहे, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) किती, आणि प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड (कामाची एक रांग) वेगवेगळा. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर प्रोसेसर चाळीस-पंचेचाळीस टक्केच दिसतो आणि माणूस म्हणतो की अरे अर्धा तर रिकामाच बसलाय, याला कशाला बदलायचं. पण २६०० ला बारा थ्रेड आहेत आणि गेमचा मुख्य थ्रेड एकच असतो, तो एक थ्रेड बोंबलत असेल आणि बाकीचे सावकाश चाललेले असतील तरी सरासरी पंचेचाळीसच येणार.

मी बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकात जाऊन बघितलं. तो गेम ज्यांनी खेळलाय त्यांना माहिती आहे की सुरुवातीला जंगलात सगळं गोड चालतं आणि शेवटाला मोठ्या शहरात गेलं की प्रोसेसरची वाट लागते, कारण रस्त्यावर माणसंच माणसं आणि प्रत्येकाचं काहीतरी चालू. तिथे बाजारातून चालताना माझा फ्रेमरेट पस्तीस-चाळीसवर आला आणि कार्डचा वापर साठ टक्क्यांच्या खाली. म्हणजे कार्ड हात बांधून बसलंय आणि प्रोसेसरकडून काम येण्याची वाट बघतंय. मग खात्री करायला रेझोल्युशन ७२०पी वर आणलं, ग्राफिक्सची बाकी सेटिंग खाली ओढली, तर फ्रेमरेट जवळपास तिथेच. ही टेस्ट एकदम सोपी आहे, रेझोल्युशन कमी करून फ्रेमरेट वाढला तर कार्ड कमी पडतंय, नाही वाढला तर प्रोसेसर. काउंटर-स्ट्राईक २ मध्ये पण तेच, सरासरी बरी दिसते पण स्मोक फुटला, दोन-तीन जण एकदम समोर आले की मधेच गचका बसतो. सरासरीपेक्षा हे गचके जास्त डोक्यात जातात.

म्हणजे रोग प्रोसेसरचाच हे नक्की झालं. हेच जर उलटं निघालं असतं, कार्ड ९८ टक्क्यांवर तापलेलं आणि प्रोसेसर निवांत, तर मी हे काहीच केलं नसतं, गपचूप कार्डासाठी पैसे साठवले असते.

आता भाच्याचा दुसरा आक्षेप. "मामा, २६०० पण सहा कोर बारा थ्रेड, ५६०० पण सहा कोर बारा थ्रेड, त्यात काय नवीन?" हा प्रश्न खरंच चांगला आहे. २६०० एप्रिल २०१८ चा, झेन प्लसवाला (झेन हे एएमडीच्या आतल्या रचनेचं नाव, त्याच्या पुढच्या पिढ्या झेन २, झेन ३). त्यात सहा कोर आहेत पण ते तीन-तीनच्या दोन गटांत, प्रत्येक गटाकडे आठ एमबी एल३ कॅश, म्हणजे कोरच्या हाताशी असलेली छोटी मेमरी. म्हणजे एका ऑफिसात सहा कारकून पण तिघे या खोलीत, तिघे त्या खोलीत, आणि या खोलीतल्याला त्या खोलीतली फाईल पाहिजे तर मधला लांबलचक व्हरांडा ओलांडून जायचं. गेममध्ये असं सारखं जावं लागतं. ३६०० मध्ये कॅश दुप्पट झाली पण खोल्या दोनच राहिल्या. नोव्हेंबर २०२० ला झेन ३ आलं, ५६००एक्स वगैरे, तेव्हा मधली भिंतच पाडली आणि सहाही कोरना मिळून एकच ३२ एमबी कॅश दिली. ५६००, म्हणजे शेवटी एक्स नसलेला, तो एप्रिल २०२२ मध्ये आला आणि ५६००एक्स पेक्षा घड्याळ (क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग) जरासंच कमी. झेन २ पासून झेन ३ ला एकाच घड्याळावर १९ टक्के जास्त काम होतं हा एएमडीचाच दावा होता आणि मी तर झेन प्लसवर बसलोय, म्हणजे अजून एक पायरी खाली. कोर तेवढेच पण आतलं घर वेगळं.

इथे थोडं थांबून नावांबद्दल बोलतो कारण एएमडीने या बाबतीत जो घोळ घालून ठेवलाय त्याला तोड नाही, आणि लोक फसतात ते इथेच. दुकानात तुम्ही ५६०० मागता आणि दुकानदार म्हणतो "५५०० घ्या ना सर, शंभरचाच तर फरक आहे आणि स्वस्तात पडेल". नाही. ५५०० हा आतून लॅपटॉपच्या जातीचा तुकडा आहे, एल३ कॅश १६ एमबी म्हणजे अर्धी, आणि कार्डाला जोडणारी वाट पीसीआयई ४.० च्या ऐवजी जुनी ३.०. ५६००जी पण तसाच, त्याच्यात ग्राफिक्स आतच आहे म्हणून कार्ड नसलेल्याला तो छान, पण कार्ड लावून खेळायचं असेल तर ५६०० च्या मागे पडतो. त्याहून भारी गंमत म्हणजे ५७०० आणि ५७००एक्स. वाटतं की एक्सचा फरक म्हणजे थोडं घड्याळ कमी-जास्त, पण नाही हो, ५७००एक्स ला ३२ एमबी कॅश आणि नुसत्या ५७०० ला १६, तो परत त्या लॅपटॉपवाल्या घरातला. आणि ४५०० नावाचा एक आहे, तो पण २०२२ मध्येच आला पण आतून झेन २ आणि कॅश फक्त ८ एमबी. आठ! माझ्या २६०० पेक्षा कमी. बॉक्सवरचं साल बघून घेणाऱ्याला वाटणार की नवीन आहे. त्यामुळे नाव सोडा, कॅश किती एमबी ते विचारा, दुकानदाराला माहिती नसेल तर मोबाईलवर एएमडीच्या साईटवर तिथेच उघडून बघा, लाजायचं काही कारण नाही.

बरं, आता मोहाचा भाग. एक्स३डी.

५८००एक्स३डी आला एप्रिल २०२२ मध्ये, आठ कोर, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर अजून ६४ एमबी कॅशचा एक थर चिकटवलेला, एकूण ९६ एमबी. जुन्या सॉकेटवर बसणारा आणि गेममध्ये तेव्हाच्या महागातल्या महाग इंटेलला टक्कर देणारा. मग जानेवारी २०२४ च्या अखेरीला ५७००एक्स३डी आला, कॅश तेवढीच ९६, घड्याळ कमी, ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि किंमत बरीच खाली. एएम४ वाल्यांसाठी हा शेवटचा मोठा जॅकपॉट होता आणि ज्यांनी तेव्हा घेतला ते अजून मिशीला पीळ देत फिरतायत. मी तेव्हा फ्लॅटच्या हप्त्यात होतो, जाऊ दे. आता दोन्ही नवे मिळायची मारामार आहे आणि जुन्या बाजारात ५८००एक्स३डी चे भाव ऐकून हसू येतं, लोक जवळपास खरेदीच्या भावात विकतायत आणि ते विकलंही जातंय.

मी खूप विचार केला याच्यावर. पण माझं कार्ड आरएक्स ६६००. हे कार्ड ५६०० च खेचून वापरून घेईल, बऱ्याचशा गेममध्ये ५६०० लावल्यावर कार्डच आधी हात टेकणार, मग वरची ती भारी कॅश नुसती बघत बसणार. शिवाय एक्स३डी सोबत कूलर येत नाही आणि तो चिप तापट, कारण उष्णता त्या वरच्या थरातून बाहेर यायची, म्हणजे बॉक्सवाल्या छोट्या कूलरवर तो लावायचाच नाही, वेगळा टॉवर कूलर घ्या. ५६०० मात्र ६५ वॅटचा, माझ्या २६०० सारखाच, बॉक्समध्ये कूलर येतो, पॉवर सप्लायला हात लावायचा नाही. ज्याच्याकडे आरटीएक्स ४०७० च्या वरचं कार्ड आहे आणि बोर्ड एएम४ आहे त्याने एक्स३डी शोधावा, वापरलेला मिळाला तरी घ्यावा. मी नाही.

उलट्या बाजूचा एक सापळा पण सांगतो. जुना प्रोसेसर तसाच ठेवून नवीन स्वस्त कार्ड लावू असं कोणाच्या डोक्यात असेल, आणि ते कार्ड इंटेलचं आर्क बी५८० असेल, तर जपून. कार्ड वाईट नाही, डिसेंबर २०२४ ला आलं तेव्हा किमतीच्या मानाने भलतंच गाजलं, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो आणि जुन्या प्रोसेसरसोबत ते चांगलंच मार खातं, २६०० काय, काही गेममध्ये ५६०० सोबत पण. टेस्टिंगवाल्यांनी जानेवारी २०२५ मध्ये हे दाखवून दिलं होतं. म्हणजे "आधी कार्ड घेतो, प्रोसेसर नंतर बघू" हे प्रत्येक कार्डाला लागू होत नाही.

अजून जुनं घेतलं तर? यूट्यूबवर एक पंथच आहे, झिऑनवाल्यांचा. चीनमधून येणारा एक्स९९ बोर्ड आणि त्याच्यावर सर्व्हरमधून काढलेला इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४, चौदा कोर अठ्ठावीस थ्रेड, आणि किंमत बघून डोळे पांढरे होतात इतकी कमी. माझ्या एका मित्राने हे घेतलंय, रेंडरिंगला वापरतो, खूश आहे. गेमिंगला मात्र मी घेणार नाही. तो २०१६ चा चिप, टर्बो ३.३ गिगाहर्ट्झ, आणि मगाशी सांगितलं तसं गेमला चौदा माणसं नकोत, एकच तगडा पाहिजे. बोर्ड पण असे की बऱ्याच वेळा चिपसेट दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या बोर्डावरून काढून चिकटवलेला, बायोसचं, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट कुठून आणायचं हे देवाला ठाऊक.

दुसरा पंथ ऑफिसच्या जुन्या डब्यांचा, इंटेल आय७-४७९० वाले. कंपन्या मशीन भंगारात काढतात आणि ते इकडे रिफर्बिश्ड म्हणून येतात, त्यात एक छोटं कार्ड ठोकायचं आणि गेमिंग पीसी तयार. २०१४ चा प्रोसेसर, डीडीआर३ रॅम. पाच-सहा वर्षांपूर्वी हा खरंच चांगला जुगाड होता. आता अडचण विंडोजची आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका किंवा त्यापुढचं लागतं, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या ठेवणारी चिप), आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुगाडाने ११ टाकता येतं, मान्य, पण व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही मागतो, बॅटलफील्ड ६ ला पण सिक्युअर बूट पाहिजे. अँटीचीटवाले आता दारातच ओळखपत्र बघतात. म्हणजे "जुना" याला एक खालची मर्यादा आहे, आणि ऑनलाईन गेम खेळणाऱ्याने त्या मर्यादेच्या खाली जाऊच नये. गोष्टींचे जुने गेम खेळणार असाल, एकट्यानेच, तर मग कशाला अडतंय, घ्या.

इंटेलचं म्हणाल तर आय५-१२४००एफ हा ५६०० च्याच तोडीचा, जानेवारी २०२२ चा, आणि त्याचे डीडीआर४ वाले बोर्ड मिळतात. ज्याच्याकडे डीडीआर४ रॅम आहे पण बोर्ड मेलाय त्याच्यासाठी हा चांगला रस्ता आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर, आय७ आणि आय९, वापरलेले मात्र घेऊ नका. व्होल्टेजमुळे ते आतून खराब होत होते हे इंटेलनेच २०२४ मध्ये कबूल केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडचं अपडेट काढलं, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण अपडेट पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही, आणि आधीच्या मालकाने अपडेट कधी टाकलं होतं हे तुम्हाला कसं कळणार? बाराव्या पिढीला ही भानगड नाही.

असो. ठरलं ५६००. आता नवा की वापरलेला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड, आणि शनिवारी जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. तिथे पहिला प्रश्न ठरलेला, "बॉक्स का ट्रे?" ट्रे म्हणजे नुसता चिप, खोका नाही, कूलर नाही, आणि वॉरंटी एएमडीची नाही, दुकानदाराची. एकाने तर ट्रेवर एक वर्षाची वॉरंटी दिली आणि ती कशावर लिहून देणार विचारलं तर स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे. माणूस प्रेमळ होता, चहा पण पाजला, पण नको. बॉक्सवाल्याला तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी असते आणि पक्कं बिल मिळतं, त्यात १८ टक्के जीएसटी दिसतो तेव्हा जीव कळवळतो पण चालायचंच.

वापरलेला पण बघितला एक, ठाण्यातल्या एका मुलाचा. प्रोसेसर ही वापरलेली घ्यायला तशी सगळ्यात सेफ वस्तू आहे, त्याला पंखा नाही, हलणारं काही नाही, कार्डासारखा क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये भाजलेला नसतो. एएम४ ला बघायची गोष्ट एकच, पिना. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१, केसासारख्या बारीक, सोन्याचा मुलामा. वरून बघून काही कळत नाही. चिप डोळ्याच्या उंचीवर आडवा धरायचा आणि रांगांच्या मधून आरपार बघायचं, सगळ्या गल्ल्या सरळ दिसल्या पाहिजेत, मग नव्वद अंशात फिरवून परत. या मुलाच्या चिपवर कोपऱ्याजवळच्या दोन पिना किंचित कलल्या होत्या. तो म्हणाला, "दादा, चालतोय ना पण." चालत होता खरंच, विंडोज सुरू होत होतं, पण सीपीयू-झेड उघडून मेमरीच्या टॅबमध्ये बघितलं तर रॅम सिंगल चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एकच चालू, आणि स्लॉटमध्ये पट्ट्या दोन. हे नेहमीचं लक्षण आहे, मेमरीकडे जाणारी एखादी पिन लागली नाही की एक चॅनल गायब, बाकी मशीन व्यवस्थित, आणि गेममध्ये फ्रेमरेट पडलेला. त्याला बिचाऱ्याला हे माहितीच नव्हतं, तो म्हणाला म्हणूनच मला हा स्लो वाटत होता का. एटीएम कार्डाची कड दोन रांगांमध्ये घालून पिना सरळ करता येतात, तुटली तर संपलं. मी म्हटलं बाबा तू कर आणि मग विक. वापरलेल्या आणि नव्याच्या भावात साडेतीन-चार हजारांचा फरक पडत होता, तेवढ्यासाठी मी वॉरंटी सोडली नाही. फरक निम्म्याचा असता तर सोडली असती.

बसवण्याआधी बायोस. बी४५० वर ५००० मालिका चालेल की नाही याचं पण एक नाटक झालं होतं, मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं की ४०० मालिकेच्या बोर्डांवर झेन ३ चालणार नाही, लोकांनी अशी काही बोंब ठोकली की त्याच महिन्यात निर्णय फिरवला. म्हणून आज मी हे लिहू शकतोय. पण बायोस नवीन पाहिजे, आणि तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच टाकायचा, कारण नवीन बसवल्यावर जुन्या बायोसला तो ओळखूच येत नाही आणि स्क्रीन काळी. बोर्ड बनवणाऱ्याच्या साईटवर सीपीयू सपोर्टची यादी असते, त्यात तुमच्या प्रोसेसरसमोर कमीत कमी कोणतं व्हर्जन ते लिहिलेलं असतं. पेन ड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट, फाईल त्यात, आणि फ्लॅश चालू असताना लाईट जाता कामा नये. आमच्याकडे दुपारी लाईटचा भरवसा नाही म्हणून शेजारच्या जोशीकाकूंच्या मुलाचा यूपीएस आणला.

मग कूलर काढणं. एएम४ मध्ये चिप सॉकेटमध्ये नुसता कडीने धरलेला असतो, जुनी पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते, आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर पण त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, कडी बंद असतानाही, आणि पिना वाकतात. म्हणून आधी मशीनवर दहा-पंधरा मिनिटं काहीतरी जड चालवायचं म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळायचा, एकदम ओढायचा नाही. निघाला की "टच्" असा बारीक आवाज येतो आणि जिवात जीव येतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात एक धमकी येते की नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) रिसेट करायचं का, वाय का एन. घाबरायचं नाही, पण वाय दाबायच्या आधी, म्हणजे खरं तर जुना प्रोसेसर काढायच्याही आधी, विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघून घ्या. चालू असेल तर थांबवा किंवा रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर सगळा डेटा कुलपात आणि चावी नाही. विंडोज ११ वर हे बिटलॉकर कधीकधी आपल्याला न सांगताच चालू झालेलं असतं. त्यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) परत चालू करा, बायोस बदलला की रॅम आपोआप २१३३ किंवा २४०० वर येते आणि मग लोक म्हणतात नवीन प्रोसेसर टाकून फरक नाही पडला.

फरक पडला. त्याच बाजारात, त्याच सेटिंगवर, पासष्टच्या आसपास, आणि कार्ड आता नव्वदच्या वर. काउंटर-स्ट्राईकमधले गचके गेले असं नाही म्हणणार पण आता मी मेलो तर दोष माझाच असतो. बायकोने विचारलं, "आता काय वेगळं दिसतंय?" मी बाजारात गोल फिरून दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

राहता राहिला भाचा. त्याला स्वतःसाठी मशीन बांधायचंय, अगदी शून्यापासून, हातात ना बोर्ड ना रॅम, आणि माझं ऐकून आता तोच म्हणतोय की मामा मी पण ५६०० घेतो. त्याला मी नाही म्हटलं. त्याने आज एएम४ चा बोर्ड आणि महागलेली डीडीआर४ विकत घेतली तर दोन-तीन वर्षांनी ती रॅम पुढच्या बोर्डात बसणार नाही, तिन्ही गोष्टी एकदम टाकाव्या लागतील. त्याने एएम५ वरचा रायझन ५ ७५००एफ, साधा बी६५० बोर्ड आणि सध्या १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी, सिंगल चॅनलमुळे थोडा मार बसेल तो सोसावा, दुसरी पट्टी भाव उतरल्यावर. कोणाची ओळखीतली डीडीआर४ फुकट मिळत असेल तर मग परत हिशोब बदलतो, तेव्हा ५६०० च. त्याने होस्टेलवर विचारून ठेवलंय, एकाकडे पट्ट्या आहेत म्हणे, पण तो पैसे किती मागतो ते अजून कळलेलं नाही, आणि ताईचं म्हणणं आहे की आधी सेमिस्टर होऊ दे.